चारशे यार्डांचा खोळंबा

कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या मागे टेकडी आहे. वर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, खाली विद्यापीठाचं आवार. दोन्हींत अंतर जेमतेम चारशे यार्ड. संगणकांच्या जाळ्यातून जायचं तर वाटेत मोजकेच टप्पे. १९८६च्या ऑक्टोबरात या वाटेवरून जाणाऱ्या मजकुराचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला.

चाळीस बिट म्हणजे रोमन लिपीतली पाच अक्षरं. हात बसलेला टायपिस्ट सेकंदाला एवढी अक्षरं सहज उमटवतो. त्या काळच्या ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीत मावणारा मजकूर या वेगानं टेकडी उतरायला वीस तासांहून जास्त लागले असते. तीच फ्लॉपी खिशात घालून एखादा चालत निघाला असता तर दहा मिनिटांत खाली पोचला असता.

बिघाड शोधू गेलं तर सापडत नव्हता. तारा शाबूत होत्या, यंत्रं चालू होती, आणि वाहिनी तर दुथडी भरून वाहत होती. प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन खाली विद्यापीठात माइक कॅरल्स यांच्याकडे गेले. कॅरल्स 'बर्कली युनिक्स' या संगणकप्रणालीचं काम सांभाळत, आणि त्या प्रणालीतला जाळ्याशी बोलणारा भाग तेव्हा कितीतरी विद्यापीठांत वापरात होता. अशाच तक्रारी त्यांच्याकडेही ठिकठिकाणांहून येत होत्या. पुढचे कित्येक महिने दोघं एकाच प्रश्नाशी झुंजत राहिले: हे बिघडतंय कशानं? मग एक दिवस, जेकबसन यांनीच नंतर सांगितलं त्याप्रमाणे, त्यांच्या लक्षात आलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. हे सगळं आजवर चाललं कसं, हे विचारायला हवं होतं.

इंटरनेटचा इतिहास बहुतेक वेळा वेगाचा आणि विस्ताराचा म्हणून सांगितला जातो. मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो रांगेचा. वाहिनी एक, तिच्यावर हक्क सांगणारे हजार, आणि कोणी आधी जायचं हे ठरवायला वर कोणी बसलेला नाही. या परिस्थितीत माणसांनी काय काय करून पाहिलं, त्याची ही गोष्ट आहे.

टेलिफोनच्या दुनियेत हा प्रश्न वेगळ्या रूपात सुटला होता. फोन लागला की बोलणाऱ्या दोघांसाठी इथून तिथवर एक वाट राखून ठेवली जायची. दोघं गप्प बसले तरी ती दुसऱ्या कोणाला मिळायची नाही. वाटा संपल्या की पुढच्याला 'एंगेज' ऐकू यायचं. किती वाटा ठेवल्या म्हणजे किती जणांना परत पाठवावं लागेल, याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ पासून मांडायला सुरुवात केली होती, आणि टेलिफोनवाले त्यावर विसंबून होते.

संगणकांच्या जाळ्यानं राखीव वाट सोडून दिली. मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि सोडून द्यायचे. हीच ती पॅकेटं. चौकाचौकावर बसलेला राउटर पत्ता वाचून पॅकेट पुढच्या तारेवर ढकलतो. तार मोकळी नसेल तर ते रांगेत थांबतं. रांगेची जागा, म्हणजे बफर, भरली की नवं आलेलं पॅकेट टाकून दिलं जातं, आणि त्याची कुणाला खबरही दिली जात नाही. पाठवणाऱ्याला कळतं ते पोचपावतीवरून. प्रत्येक पॅकेट मिळालं की पलीकडचा संगणक पोचपावती धाडतो. ठरावीक मुदतीत ती आली नाही की पाठवणारा पॅकेट हरवलं असं धरून तेच पुन्हा पाठवतो. १ जानेवारी १९८३ला अमेरिकेतल्या अर्पानेट या संगणकजाळ्यानं जुने नियम सोडून टीसीपी-आयपी हे नवे नियम स्वीकारले, त्यांची बैठक ही अशी होती.

आता यातली मेख पाहा. रांग वाढली की पोचपावतीला उशीर होतो. पाठवणाऱ्याची मुदत टळते. पॅकेट हरवलेलं नसतं, वाटेत रांगेत उभं असतं. पण त्याची दुसरी प्रत निघते आणि त्याच रांगेच्या शेपटाला येऊन लागते. रांग आणखी लांबते, आणखी मुदती टळतात, आणखी प्रती निघतात. शेवटी वाहिनी काठोकाठ भरलेली असते आणि तिच्यात बहुतेक सगळा माल आधीच पाठवलेला. प्रत्येक संगणक नेमून दिलेलं काम चोख करत असतो, आणि त्या चोखपणानंच सगळ्यांचं काम बुडतं.

हे घडणार, असं एका माणसानं आधी लिहून ठेवलं होतं. जॉन नेगल फोर्ड एरोस्पेस या कंपनीत कंपनीच्या स्वतःच्या जाळ्याचं काम पाहत. ६ जानेवारी १९८४च्या टिपणात त्यांनी या अवस्थेचं वर्णन केलं आणि तिला नाव दिलं, 'कंजेशन कोलॅप्स'. कोंडीनं कोसळणं. अर्पानेटवर हे अजून दिसत नाही, कारण तिथे वाहिन्यांत गरजेपेक्षा जास्त जागा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच टिपणात त्यांनी एक साधा हिशेब दिला. दूरच्या संगणकावर काम करणारा माणूस कळफलकावर एक अक्षर दाबतो, तेव्हा त्या एका अक्षरासाठी ४० अक्षरांएवढा पत्ता आणि शिक्के लागून ४१ अक्षरांचं पॅकेट निघतं. यावर उपाय असा, की आधीच्या अक्षराची पोच येईपर्यंत पुढची अक्षरं गोळा करून ठेवायची आणि मग एकत्र पाठवायची. हा उपाय आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

दुसरं टिपण त्यांनी डिसेंबर १९८५मध्ये लिहिलं. ते मला पहिल्याहून खोल वाटतं. बफर लहान म्हणून पॅकेटं टाकली जातात ना, मग राउटरला अमर्याद बफर दिला तर? नेगल यांनी दाखवलं की त्यानं जाळं वाचणार नाही. प्रत्येक पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते. रांग अमर्याद वाढली तर पॅकेट पुढे सरकेपर्यंत त्याचं आयुष्य संपलेलं असेल आणि एकही पॅकेट कामाचं उरणार नाही. मग त्यांनी विचारलं की जास्तीत जास्त पॅकेटं ओतणाऱ्यालाच रांगेत जास्तीत जास्त वाटा मिळत असेल, तर कोणी सभ्यपणे का वागेल? त्यांचं उत्तर होतं की राउटरनं एक सामाईक रांग न ठेवता प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग ठेवावी आणि पाळीपाळीनं एकेक पॅकेट पुढे सोडावं. घाई करणारा मग स्वतःचीच रांग लांबवेल.

दोन्ही टिपणं सर्वांना वाचायला खुली होती. पण कोंडी प्रत्यक्ष समोर येईपर्यंत त्यांची निकड बहुतेकांना वाटली नाही.

१९८६मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं सॅन दिएगो, बोल्डर, अर्बाना-शँपेन, पिट्सबर्ग, इथाका आणि प्रिन्स्टन इथली मोठी गणनकेंद्रं जोडणारं जाळं सुरू केलं. वाहिन्या सेकंदाला ५६ हजार बिटांच्या. चौकांवर होते डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांच्या 'फझबॉल' प्रणालीवर चालणारे छोटे संगणक. देशभरच्या विद्यापीठांना एवढ्या अरुंद वाटेनं जायचं होतं, तेव्हा जाळं लवकरच तुंबलं. सगळ्यात जास्त त्रास झाला तो दूरच्या संगणकावर बसून काम करणाऱ्यांना. मोठी फाइल पोचायला तास लागला तरी माणूस चहा पिऊन येतो, पण दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटायला चार सेकंद लागले तर त्याला कामच करता येत नाही. मिल्स यांनी रांगेत भेद केला. अशा संवादी कामाची पॅकेटं पुढे, फाइली आणि टपाल मागे. याचा फारसा गाजावाजा झाला नाही, आणि ते बरंच झालं. पुढे जाण्याचा शिक्का कोणता हे सगळ्यांना ठाऊक झालं असतं तर प्रत्येकानं आपल्या पॅकेटवर तोच मारला असता.

अशा शिक्क्यांसाठी जागा मात्र आधीपासून होती. १९८१च्या आयपीच्या नियमांत प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर निकड सांगणारे तीन बिट राखलेले आहेत. त्यांतून आठ पायऱ्या होतात, आणि त्यांची नावं अमेरिकी लष्कराच्या संदेशव्यवहारातून आलेली: 'रूटीन', 'प्रायॉरिटी', 'इमिजिएट', 'फ्लॅश' आणि त्याही वरच्या. आपल्याकडे ज्यांनी ट्रंक कॉल बुक केले आहेत त्यांना ही चढण ओळखीची वाटेल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. मी लहान असताना आमच्या गावच्या पोस्टात बाकावर बसून माणसं आपल्या नंबराची वाट पाहत, आणि मध्येच कोणी लायटनिंग बुक केला की बाकावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत. घरात कोणी गेलं असेल, हाच पहिला विचार. त्याला पुढे जाऊ देण्याबद्दल कोणाची तक्रार नसे. पण पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या वाहिन्या होत्या तेवढ्याच राहत, आणि सकाळपासून बसलेला ऑर्डिनरीवाला संध्याकाळपर्यंत बसून राही. अग्रक्रमानं रांगेतला क्रम बदलतो, रांग आखूड होत नाही. मिल्स यांची युक्ती त्या वेळी गरजेची होती, तिनं वेळ मिळवून दिला. जुलै १९८८मध्ये सेकंदाला १५ लाख बिटांच्या नव्या वाहिन्या आल्या आणि फझबॉल निवृत्त झाले.

पण रुंद वाहिनीनं पुरलं नसतं. पाठवणाऱ्यांची वागणूक तीच राहिली असती तर रुंद वाहिनीही त्याच तऱ्हेनं तुंबली असती. बर्कलीत जेकबसन आणि कॅरल्स त्या वागणुकीच्या मुळाशी पोचले होते.

ऑगस्ट १९८८मध्ये स्टॅनफर्डला भरलेल्या परिषदेत जेकबसन यांनी आपला निबंध वाचला. त्यातली एक आकृती पाहण्यासारखी आहे. दोन जाळ्यांच्या मधे सेकंदाला २ लाख ३० हजार बिटांची वाहिनी. जुन्या पद्धतीचा संगणक सुरुवातीलाच एका दमात सगळी पॅकेटं ओततो. मधल्या राउटरचा बफर ३० पॅकेटांचा, आणि याला एकावेळी पाठवायची परवानगी ३२ पॅकेटांची. पहिल्याच घोटाला ठसका. मग सुरू होतं पुन्हा पाठवणं. जवळपास प्रत्येक तुकडा निदान दोनदा जातो, एक तुकडा तर पाच वेळा, आणि वाहिनीच्या क्षमतेतला ३५ टक्केच भाग कारणी लागतो. कोंडी करायला हजार माणसं लागत नाहीत, एकटा संगणकही स्वतःची कोंडी करू शकतो, हे त्या आकृतीत स्पष्ट दिसतं.

उपायांच्या तळाशी एकच तत्त्व होतं, आणि ते सुचण्यात जेकबसन यांचा भौतिकशास्त्राशी असलेला घरोबा दिसतो. जाळं स्थिर चालायचं असेल तर जुनं पॅकेट बाहेर पडल्याशिवाय नवं आत सोडू नये. आणि जुनं बाहेर पडलं हे कसं कळणार? पोचपावतीवरून. पलीकडून पोचपावत्या ज्या तालात येतात, तो वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागेचा ताल असतो, कारण पॅकेटं तिच्यातूनच एकामागून एक गाळून निघालेली असतात. त्या तालावर पाठवत राहिलं की वाटेची रुंदी कोणाला विचारावी लागत नाही.

ताल आधी पकडायचा कसा? त्यासाठी 'स्लो स्टार्ट'. पहिल्यांदा एकच पॅकेट पाठवा. पोच आली की दोन, मग चार, मग आठ. नाव 'स्लो' असलं तरी ही वाढ झपाट्याची आहे. पण शून्यातून बत्तीसवर उडी नाही. पोचपावतीची मुदतही नव्या रीतीनं ठरवली. आधी सरासरी वेळ पाहून मुदत ठरायची. जेकबसन यांनी सरासरीबरोबर चढउतारही मोजायला सांगितलं, कारण गर्दीच्या वेळी वाढतो तो मुख्यतः चढउतार, आणि तो न मोजल्यामुळेच रांगेत उभ्या असलेल्या पॅकेटांना हरवलेलं समजलं जात होतं.

आणि मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तारांच्या जाळ्यात पॅकेट खराब होऊन नाहीसं होण्याचं प्रमाण एका टक्क्याहूनही खूप कमी असतं. म्हणजे पॅकेट हरवलं, तर जवळपास नक्की समजावं की वाटेत कुठेतरी रांग भरली आहे. इतकी वर्षं संगणक हरवलेल्या पॅकेटाकडे फक्त नुकसान म्हणून पाहत होते आणि भरपाईला लागत होते. जेकबसन यांनी त्याला निरोप मानलं. निरोप आला की हात आखडता घ्यायचा: एकावेळी जितकी पॅकेटं वाटेवर असतील ती मर्यादा निम्मी करायची, आणि मग प्रत्येक फेरीला एकेकानं हळूहळू वाढवत न्यायची. पुन्हा निरोप आला की पुन्हा निम्मी. उतरताना झपाट्यानं, चढताना जपून. असं वागणारे अनेक जण एकाच वाहिनीवर आले तर कालांतरानं सगळ्यांचा वाटा सारखा होत जातो, हे त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कंपनीत दा-मिंग चू आणि राज जैन यांनी गणितानं दाखवलं. राज जैन मूळचे भारतातले. त्यांचे सहकारी के. के. रामकृष्णन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून गेलेले. पॅकेट टाकून देण्याची वेळ येण्याआधी राउटरनं त्याच्यावर एक बिट उठवून 'गर्दी होतेय' असं सांगावं, ही या दोघांची कल्पना. ती २००१मध्ये इंटरनेटच्या नियमांत आली.

जून १९८८च्या बर्कली युनिक्सच्या आवृत्तीत हा नवा भाग घालून सगळीकडे पाठवला गेला. मला या प्रसंगाचं फार मोल वाटतं. कायदा झाला नाही, दंड नव्हता, कोणती मध्यवर्ती सत्ता तपासायला येणार नव्हती. ज्या संगणकानं हा भाग बसवला तो गर्दीत आपला वेग आपणहून कमी करणार होता, आणि शेजारच्यानं बसवला नसेल तर शेजाऱ्याचा फायदा करून देणार होता. तरीही लोकांनी तो बसवला, कारण कोंडीचा अनुभव ताजा होता आणि बर्कलीच्या प्रणालीवर विश्वास होता. जाळं पुन्हा चालू लागलं. मुंबईच्या विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमची किरकिर ऐकत, जे काही बारीक धारेनं घरात येत होतं, ते या शिस्तीमुळेच तुटत नव्हतं.

शेजाऱ्यानं शिस्त पाळली नाही तर काय, हा नेगल यांचा प्रश्न मात्र उभाच होता. १९८९मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधनकेंद्रातून ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांचा 'फेअर क्यूइंग'वरचा निबंध आला. केशव आयआयटी दिल्लीतून बर्कलीला गेलेले, तेव्हा विद्यार्थीच. नेगल यांची पाळी त्यांनी सुधारली. नुसती पॅकेटं मोजून पाळी दिली तर मोठी पॅकेटं पाठवणारा जास्त घेऊन जातो; म्हणून बिटाबिटानं वाटणी झाली असती तर कोणाचं पॅकेट आधी संपलं असतं, याचा हिशेब करून ते आधी सोडायचं. यात एक सुंदर गोष्ट आपसूक साधते. थोडं पाठवणाऱ्याला, म्हणजे अक्षर दाबून उत्तराची वाट पाहणाऱ्याला, न मागता लवकर पाळी मिळते. मिल्स यांना ज्यासाठी शिक्का शोधावा लागला होता ते इथे नुसत्या न्याय्य वाटपातून मिळालं.

१९९३मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी आणखी एक दोष दूर केला. बफर भरला की एकाच क्षणी अनेकांची पॅकेटं टाकली जातात, मग सगळे एकदम हात आखडतात, वाहिनी ओस पडते, मग सगळे एकदम वाढतात. त्यांनी सुचवलं की रांग भरण्याची वाट न पाहता ती वाढू लागताच मधूनमधून, सोडत काढावी तसं, एखादं पॅकेट टाकावं. निरोप वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या जणांना जातो. फ्लॉइड या क्षेत्रात येण्याआधी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या 'बार्ट' रेल्वेच्या संगणकव्यवस्थेत सात वर्षं काम करून आल्या होत्या. २०१९मध्ये त्या गेल्या. गर्दी कशी हाताळावी या विषयावर इतक्या प्रामाणिक चिकाटीनं काम करणारी माणसं थोडी.

नव्वदीच्या दशकात आवाज आणि चित्रं जाळ्यावर आली आणि राखीव वाटेची ओढ परत जागी झाली. फोनवरचा शब्द उशिरा पोचला तर तो पुन्हा पाठवून उपयोग नाही, आणि इंटरनेट तर कशाचीच हमी देत नव्हतं. टेलिफोनवाल्यांनी एटीएम नावाची वेगळीच व्यवस्था पुढे केली. तिचं प्रत्येक पॅकेट नेमकं ५३ अक्षरांचं. युरोपला मजकुराची ३२ हवी होती, अमेरिकेला ६४. तडजोड ४८वर झाली, आणि वर पत्त्याची ५. इंटरनेटवाल्यांनी १९९४मध्ये आपली राखीव सेवा आखली आणि १९९७मध्ये ती मागण्याची रीत, आरएसव्हीपी, नियमांत आणली. वाटेतल्या प्रत्येक राउटरकडे आधी जागा मागायची, प्रत्येकानं 'हो' म्हटलं तर बोलायला सुरुवात. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात मोठ्या चौकातल्या राउटरला लाखो संवादांची वही ठेवावी लागली असती, आणि वाट पाच कंपन्यांतून जात असेल तर पाचही जणांनी हमी द्यायला हवी होती. १९९८मध्ये सोपी रीत आली, 'डिफसर्व्ह'. माथ्यावरच्या त्याच जुन्या जागेत सहा बिटांचा शिक्का मारायचा आणि राउटरनं शिक्का पाहून वागवायचं. अमेरिकी विद्यापीठांच्या 'इंटरनेट-२' या संघटनेनं याच पायावर हमीची सेवा उभारायचा प्रकल्प घेतला. २००२मध्ये त्यातल्याच बेन टायटलबॉम आणि स्टॅनिस्लाव शालुनोव्ह यांनी ती का उभी राहिली नाही आणि बहुधा का राहणार नाही, हे सरळ लिहून टाकलं. हमीचे पैसे कोणी कोणाला द्यायचे, ती पाळली गेली हे तपासायचं कसं, आणि साधी वाहिनी बहुतेक वेळ रिकामी असताना हमी विकत कोण घेणार?

एका मालकाच्या हद्दीत मात्र शिक्के उत्तम चालतात. कार्यालयातल्या फोनचा आवाज फाइलींच्या पुढे काढला जातो तो असाच. ५ सप्टेंबर २०१६ला मुंबईच्या जिओची सेवा सुरू झाली ती जुनं टेलिफोनचं जाळं न ठेवता; तिच्यावरचा प्रत्येक संवाद पॅकेटांतून जातो, आणि त्या पॅकेटांना मोबाइलच्या मनोऱ्यापाशी वेगळी, आधी सुटणारी वाट मिळते. हद्द ओलांडली की शिक्क्याची किंमत पुढचा मालक ठरवतो, आणि बरेचदा तो पुसूनच टाकतो.

या सगळ्या काळात एक नवी कोंडी दबक्या पावलांनी येत होती. मेमरी स्वस्त झाली आणि यंत्रं बनवणाऱ्यांनी मोडेममध्ये, राउटरमध्ये भरमसाट बफर घातले. पॅकेट टाकून देणं म्हणजे दोष, अशी समजूत. पण जेकबसन यांची सगळी शिस्त त्या टाकलेल्या पॅकेटच्या निरोपावर उभी होती. बफर मोठा असेल तर निरोप जातच नाही. पाठवणारा खुशाल वाढवत राहतो आणि रांग सेकंदासेकंदांची होते. २०१०मध्ये बेल लॅब्सचे जिम गेटिस घरून एमआयटीला मोठी फाइल पाठवत होते, आणि तेवढ्या वेळात घरातलं बाकीचं इंटरनेट निकामी झालं होतं. त्यांनी मोजून पाहिलं तर एका पॅकेटची फेरी सेकंदाच्या वर गेलेली. त्यांनी याला 'बफरब्लोट' म्हटलं, फुगलेला बफर. नेगल यांनी १९८५मध्ये कागदावर कल्पिलेला अमर्याद बफर पंचवीस वर्षांनी प्रत्येक घरात कपाटावर ठेवलेल्या डब्यात येऊन बसला होता.

२०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी यावर 'कोडेल' दिलं. आजवर सगळे रांगेची लांबी मोजत होते. या दोघांनी थांबण्याचा वेळ मोजला. पॅकेट आत येताना त्याच्यावर घड्याळ टिपायचं आणि बाहेर पडताना पाहायचं. क्षणभराची गर्दी चालते, ती पचवायलाच बफर असतो. पण सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ सगळी पॅकेटं पाच मिलिसेकंदांहून जास्त खोळंबत असतील तर ती रांग मुरलेली आहे, एखादं पॅकेट टाकून निरोप द्या. याला पाळीच्या रांगांची जोड देऊन एरिक ड्युमाझे यांनी ते लिनक्स या संगणकप्रणालीत बसवलं, आणि ज्या घरांतल्या राउटरांत ते पोचलं तिथे मोठी फाइल जात असतानाही बोलणं तुटेनासं झालं.

२०२०च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे भारतातली कामं, शाळा, गाठीभेटी सगळं काही घरातल्या मोबाइलवर येऊन पडलं. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं सरकारला कळवलं की जाळ्यावरचा भार वाढतो आहे, चित्रपट-मालिका पुरवणाऱ्यांना सांभाळून घ्यायला सांगा. २४ मार्चला त्या कंपन्यांची बैठक झाली. नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, गूगल, हॉटस्टार, झी, सोनी, एकमेकांशी स्पर्धा करणारे सगळे. त्यांनी ठरवलं की १४ एप्रिलपर्यंत मोबाइल जाळ्यावर ४८०पी पेक्षा वरचं चित्र कोणीच पाठवायचं नाही. त्याच रात्री बारापासून देश बंद झाला. दुसऱ्या दिवशी फोनवरचं चित्र थोडं पुसट दिसत होतं.